मुक्या जिवाविषयी साक्ष

मेलेल्या माणसाविषयी खोटे बोलू नये, हे कोणाला शिकवावे लागत नाही. तो उठून उत्तर देऊ शकत नाही, एवढ्याच कारणाने आपण त्याच्याविषयी बोलताना शब्द जपून वापरतो. परंतु मेलेल्या पाखराविषयी काय? आणि एखाददुसऱ्या पाखराविषयी नव्हे, तर ज्याची सारी जातच पृथ्वीवरून नाहीशी झाली अशा पक्ष्याविषयी? त्याच्यासंबंधाने खोटी साक्ष देता येते काय? आणि दिली तर कोणाचे काय बिघडते? प्रश्न वरवर पोरकट दिसेल. पण काही जुन्या चित्रांनी तो आमच्यापुढे उभा केला आहे, आणि वाटतो तितका तो लहान नाही. म्हणून तो वाचकांपुढे मांडावा असे आम्हांला वाटले.

आम्ही म्हणतो तो पक्षी म्हणजे डोडो. त्याला डोळ्यांनी पाहिलेला माणूस गेल्या तीनशे वर्षांत झालेला नाही. तरीही त्याचे रूप लहान मुलांनादेखील पाठ असते. भोपळ्यासारखे अंग, आखूड पाय, भलीमोठी वाकडी चोच, नावापुरते पंख आणि चेहऱ्यावर बावळट भाव. मुलांच्या पुस्तकांत तो असाच असतो. इंग्रजीत तर ‘डोडो’ हा मूर्ख माणसाला लावायचा शब्द होऊन बसला आहे. मुले चित्र पाहून हसतात. मग त्यांना सांगण्यात येते की, हा पक्षी आता जगात उरलेला नाही. चित्र आणि वाक्य शेजारी शेजारी आले की तिसरे वाक्य न सांगताच मनात तयार होते: असला गबाळा पक्षी जगणार तरी कसा?

खरी हकीकत थोडक्यात अशी. डोडो हा हिंदी महासागरातील मॉरिशस बेटावरचा पक्षी. जगात दुसरीकडे तो कोठेही नव्हता. इ. स. १५९८ मध्ये डच खलाशी त्या बेटावर उतरले आणि तेव्हापासून ह्या पक्ष्याची माहिती लिहिली जाऊ लागली. १६३८ मध्ये डचांनी तेथे वस्ती केली. जहाजांबरोबर उंदीर आले, डुकरे आली, माकडे, बकऱ्या आणि हरणे आली. झाडे तुटू लागली. डोडोला उडता येत नव्हते. त्याचे घरटे जमिनीवर असे, आणि मादी एका वेळी एकच अंडे घाली, असे जुन्या प्रवाशांनी लिहून ठेवले आहे. उंदीर, डुकरे आणि माकडे ह्यांच्यापुढे असे अंडे म्हणजे वाढलेले ताटच. डोडो पाहिल्याची सर्वसाधारणपणे मान्य झालेली शेवटची नोंद १६६२ सालची आहे. त्यानंतरही काही वर्षे थोडे पक्षी आडरानात तग धरून असावेत, असे अभ्यासक म्हणतात. तरीही माणसाची गाठ पडल्यापासून जेमतेम शंभर वर्षांत एक जात संपली.

ह्या शंभर वर्षांतच त्याची चित्रे निघाली. पण ती कशी निघाली, हे पाहण्यासारखे आहे. ‘गेल्डरलँड’ नावाच्या डच जहाजाच्या रोजनिशीत १६०१ सालची काही रेखाटने आहेत. ती मॉरिशस बेटावरच, जिवंत किंवा नुकत्याच मारलेल्या पक्ष्यांवरून काढलेली असावीत असे मानतात. ती साधी आहेत, पण त्यांतला पक्षी पक्ष्यासारखा आहे. जगात नाव झाले ते मात्र ह्या रेखाटनांचे नव्हे, तर युरोपातील तैलचित्रांचे. त्यांत रूलांट साव्हेरी ह्या चित्रकाराचा वाटा सर्वांत मोठा. १६२६ च्या सुमारास त्याने काढलेले डोडोचे एक मोठे चित्र आजही लंडनच्या निसर्गेतिहास संग्रहालयात आहे. मुलांच्या पुस्तकांतला भोपळ्या डोडो मुळात ह्याच चित्राचा नातू होय. साव्हेरीपुढे कोणता पक्षी होता? पिंजऱ्यात कोंडून, दूरच्या प्रवासाने हैराण झालेला आणि नको तितके खाऊ घातलेला एखादा पक्षी असेल, किंवा पेंढा भरून फुगवलेले कातडे असेल. त्याने मुद्दाम खोटे रंगवले असे आम्ही म्हणत नाही. परंतु त्याच्यामागून आलेल्यांनी पक्षी पाहिलाच नाही; त्यांनी साव्हेरीचे चित्र पाहिले. पुढच्यांनी त्या नकलेची नक्कल केली. होता होता एका कैदी पक्ष्याची अवकळा ही साऱ्या जातीची ओळख होऊन बसली.

ह्याच साव्हेरीने एदेन बागेच्या एका चित्रातही डोडो घातला आहे. साऱ्या प्राण्यांच्या मेळाव्यात, निर्दोष सृष्टीच्या पहिल्या सकाळी, डोडो उभा आहे. आणि हे चित्र रंगत होते त्याच वर्षांत तिकडे मॉरिशसमध्ये त्याच्या अंड्यांवर उंदीर तुटून पडत होते. कापडावर त्याला नंदनवन मिळाले. बेटावरचे त्याचे घर मात्र त्याच्या पायांखालून जात होते.

चित्राच्या मागोमाग नाव आले. स्वीडनच्या लिनियसने सृष्टीतील जीवांना शास्त्रीय नावे देण्याचे मोठे काम केले. १७६६ मध्ये त्याने डोडोला जे लॅटिन नाव दिले त्यातील दुसऱ्या शब्दाचा अर्थ ‘गबाळा’, ‘नालायक’ असा होतो. आदामाने प्राण्यांना नावे दिली ती प्राणी त्याच्यापुढे आल्यावर. येथे प्राणी केव्हाच निघून गेला होता. पुढे होती ती त्याच्याविषयीची वदंता आणि चित्रे. आज शास्त्रात ते नाव चालत नाही, दुसरे आहे. पण शिवी सहजासहजी पुसली जात नाही.

त्यानंतरची गोष्ट अधिक बोधप्रद आहे. १८६५ मध्ये जॉर्ज क्लार्क नावाच्या एका शाळामास्तरांना मॉरिशसमधील एका दलदलीत डोडोची पुष्कळ हाडे सापडली. आता तरी खरी साक्ष मिळाली, कारण हाडे खोटे बोलत नाहीत. ती हाडे लंडनला रिचर्ड ओवेन ह्या नामांकित शास्त्रज्ञांकडे गेली. ओवेन ह्यांनी काय करावे? १८६६ मध्ये त्यांनी सांगाडा जुळवून दाखवला तो साव्हेरीच्या चित्राच्या बाह्यरेषेत बसवून. हाडांवरून चित्र पारखायचे, ते राहिले बाजूला. चित्राच्या मापाने हाडे वाकली. पक्षी अर्थातच बसकट आणि बेढब झाला. पुढे १८७२ मध्ये त्यांनीच सांगाड्याची मांडणी सुधारली आणि तो अधिक ताठ उभा केला, ही गोष्ट त्यांच्या मोठेपणाची. पण एवढ्या विद्वान माणसाच्या डोळ्यांवर एक जुने चित्र कसे बसू शकते, हे त्यावरून दिसते. मग तुमची आमची काय कथा!

आता आपल्या देशाकडे वळू. कारण डोडोची एक खरी साक्ष येथेही आहे. सतराव्या शतकात सुरत हे मोठे बंदर होते. पीटर मंडी नावाचा इंग्रज कंपनीचा एक नोकर १६२८ ते १६३४ ह्या काळात हिंदुस्थानात होता. सुरतेस आपण दोन डोडो पाहिले, अशी नोंद त्याने केली आहे. ह्याच सुमारास, म्हणजे १६२५ च्या आसपास, मोगल दरबारात डोडोचे एक रंगीत चित्र निघाले. ते आज रशियात सेंट पीटर्सबर्ग येथे आहे. त्यावर सही नाही, पण ते बादशहा जहांगिराचा प्रसिद्ध चित्रकार उस्ताद मन्सूर ह्याचे असावे असे मानतात. हंसाच्या जातीचे पक्षी, लहानसा पोपट अशा इतर पाखरांच्या मध्यभागी एक तपकिरी डोडो उभा आहे. तो भोपळ्यासारखा फुगलेला नाही. त्याच्या तोंडावर बावळटपणा नाही. शेजारच्या पाखरांकडे चित्रकाराने जितके लक्ष दिले, तितकेच त्याच्याकडेही दिले आहे. जिवंत डोडोची जी थोडी रंगीत चित्रे उरली आहेत, त्यांत हे अत्यंत भरवशाचे मानले जाते.

असे का झाले असावे? जहांगिराला नवी जनावरे पाहण्याचा विलक्षण नाद होता. १६१२ मध्ये त्याचा सरदार मुकर्रबखान गोव्याहून काही अपूर्व चिजा घेऊन आला. त्यांत टर्की जातीचा एक कोंबडाही होता, जो ह्या देशात कोणी पाहिला नव्हता. बादशहाने आपल्या आठवणींत त्याचे बारकाईने वर्णन केले आहे, आणि पणजोबा बाबराने जनावरांची वर्णने लिहिली पण चित्रे काढवली नाहीत, म्हणून आपण चित्रकारांना हुकूम केला, असेही सांगितले आहे. त्या टर्कीचे मन्सूरने काढलेले चित्र आजही लंडनच्या संग्रहालयात पाहावयास मिळते. त्या दरबारात चित्रकाराचे काम मौज करणे हे नव्हते. समोर जे आहे ते तसेच उतरवणे, हे त्याचे काम होते.

अलीकडच्या शोधांनी ह्या दुसऱ्या साक्षीलाच बळकटी दिली आहे. २००२ मध्ये ऑक्सफर्ड येथे जपून ठेवलेल्या डोडोच्या अवशेषांवरून त्याच्या कुळाचा तपास झाला. डोडो कबुतरांच्या कुळातला निघाला, आणि आजच्या पक्ष्यांत त्याचा सर्वांत जवळचा नातलग आपल्या निकोबार बेटांवरचे निकोबारी कबूतर हा होय. २०१६ मध्ये त्याच्या कवटीच्या आतील पोकळीचे क्ष-किरणांनी मोजमाप झाले. अंगाच्या मानाने त्याचा मेंदू कबुतरांच्या मेंदूइतकाच होता. म्हणजे तो काही विशेष मूर्ख नव्हता, आणि त्याचे घ्राणेंद्रिय तर चांगलेच तीक्ष्ण असावे. ऑक्सफर्डच्या त्या डोक्याची २०१८ मध्ये अशीच तपासणी झाली, तेव्हा डोक्याच्या मागच्या बाजूस शिशाचे छर्रे सापडले. लंडनमध्ये लोकांना दाखवण्यासाठी पाळलेला आणि आपल्या मरणाने मेलेला पक्षी तो हाच, असे पुष्कळांनी मानले होते. त्याला बंदुकीने मारले होते.

मग आमचा प्रश्न असा: खोटे चित्र इतके दिवस का टिकले? दुसरे मिळत नव्हते म्हणून, हे अर्धे उत्तर झाले. आमच्या मते उरलेले अर्धे उत्तर असे की, ते चित्र आपल्या सोयीचे होते. मेलेला मूर्ख होता असे ठरले की मारणाऱ्याचा जाब कोणी विचारत नाही. डोडो माणसाला पाहून पळाला नाही, ह्याला आपण मूर्खपणा म्हटले. वास्तविक त्याच्या बेटावर त्याला मारून खाणारे चतुष्पाद श्वापद कधी नव्हतेच; भीती त्याला कोणी शिकवली नव्हती. निःशंकपणे जवळ येणाऱ्याला काठीने मारावे आणि मग म्हणावे, ‘कसा वेडा, पळालासुद्धा नाही!’ ह्याला काय म्हणावे?

हा डाव पक्ष्यांपुरता राहिला असता तर आम्ही इतके लिहिलेही नसते. पण आपल्या गावांत आणि मंडळ्यांत तो नित्य चालतो. एखाद्या विधवेची जमीन भाऊबंदांनी गिळली की, ‘तिला व्यवहार कळत नव्हता’ असे म्हणतात. कर्जात बुडून गाव सोडून गेलेल्या कुटुंबाविषयी ‘आळशीच होते’ असे ऐकू येते. आदिवासींचे रान गेले, त्याचे कारण त्यांचे ‘मागासलेपण’ ठरते. ज्याचे नुकसान झाले त्याचेच एक बेढब चित्र काढायचे, चार जणांनी त्याची नक्कल करायची, आणि काही वर्षांनी नुकसानीचे कारण त्या चित्रातच दाखवायचे. आधी माणूस जातो, मग त्याचे नाव जाते. पहिल्या अन्यायात आपला हात नसेलही. दुसऱ्यात मात्र तो सहज असतो, कारण त्याला काठी उचलावी लागत नाही, फक्त ऐकलेले पुढे सांगावे लागते. शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष न देण्याची आज्ञा आपण न्यायकचेरीपुरती समजतो. खरे पाहता ती ओसरीवर आणि पाणवठ्यावरच अधिक वेळा मोडते.

येथे कोणी म्हणेल: माणसाचे समजले, पण पाखराला अब्रू नसते. डोडोला आता तुम्ही लठ्ठ म्हणा की सुंदर म्हणा, त्याचे काय जाते? त्याचे काही जात नाही, हे आम्हांलाही मान्य आहे. पण जे अजून जिवंत आहेत त्यांचे जाते. ह्याचे एक उदाहरण आपल्या खानदेशातलेच आहे. रानपिंगळा नावाचे एक लहान घुबड आहे. १८७३ मध्ये त्याचे शास्त्रीय वर्णन प्रथम प्रसिद्ध झाले. खानदेशात काम करणाऱ्या जेम्स डेव्हिडसन ह्या इंग्रज अधिकाऱ्याने १८८४ मध्ये त्याचे नमुने मिळवले, आणि त्यानंतर तो कोणाला दिसेना. पुढे रिचर्ड माइनर्ट्‌झहागेन ह्या प्रसिद्ध पक्षिसंग्राहकाच्या संग्रहात एक रानपिंगळा होता, आणि त्याच्या चिठ्ठीवर तो १९१४ साली गुजरातेत मांडवी येथे मिळाल्याचे लिहिले होते. शोध घेणारे त्या चिठ्ठीवर विसंबले. तो सापडला नाही, तेव्हा ही जात नामशेष झाली असावी असे पुष्कळांना वाटू लागले. विसाव्या शतकाच्या अखेरीस पामेला रासमुसेन ह्या अमेरिकन पक्षिशास्त्रज्ञ बाईंनी कसून तपास केला, तेव्हा ती चिठ्ठी खोटी निघाली. लंडनच्या संग्रहालयातून डेव्हिडसनचाच एक नमुना उचलून, तो पुन्हा नव्याने भरून, त्यावर नवी चिठ्ठी लावलेली होती. खोटी साक्ष बाजूला सारून रासमुसेनबाई आणि त्यांचे सोबती जुन्या, खऱ्या ठिकाणांकडे वळले, आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये, शहाद्याजवळच्या रानात, म्हणजे आजच्या नंदुरबार जिल्ह्यात, त्यांना रानपिंगळा जिवंत दिसला. मध्ये ११३ वर्षे गेली होती. सातपुड्यातील लोकांच्या शेजारी तो पाखरू इतकी वर्षे राहत होता; कागदावर मात्र तो मेला होता. साक्ष खोटी असली म्हणजे जिवंतालाही मेलेला ठरवता येते, हे ह्यावरून ध्यानात यावे.

परंतु डोडोची बाजू घेताना आपल्याकडूनही दुसरी खोटी साक्ष दिली जाऊ नये, हेही सांगितले पाहिजे. ‘अधाशी खलाशांनी डोडो खाऊन संपवले’ असे आजकाल सर्रास लिहितात. हेही एक सोपे चित्रच होय. महिनोन्‌महिने समुद्रावर काढून उतरलेल्या उपाशी माणसांनी डोडो मारले आणि खाल्ले, ह्यात शंका नाही. पण त्याच डचांनी त्याला ‘किळसवाणा पक्षी’ असे नाव दिले होते, इतके त्याचे मांस त्यांना नावडत होते, आणि बेटावर कायम राहणारी माणसे थोडकीच होती. जास्त नाश केला तो त्यांच्याबरोबर आलेल्या जनावरांनी. कोणाच्या मनात एक जात संपवण्याचा विचार नव्हता. आपण काय करीत आहो ह्याकडे कोणी पाहिले नाही, एवढेच. आम्हांला तर हीच गोष्ट अधिक भयंकर वाटते. कारण दुष्टपणा आपल्यात नाही असे पुष्कळांना प्रामाणिकपणे म्हणता येईल, पण ‘मी पाहिलेच नाही’ ह्या दोषातून कोण सुटेल?

आणि नुसते नीट पाहिले म्हणजे सारे झाले, असेही नाही. ज्या जहांगिराने पाखरांची इतकी खरी चित्रे काढवली, त्यानेच आपल्या हातून मेलेल्या शिकारीचा आकडा सतरा हजारांहून अधिक असल्याचे अभिमानाने लिहून ठेवले आहे. चांगला डोळा आणि दयाळू हात ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. खरे चित्र कोणाला वाचवत नाही; ते दया करण्याला फक्त जागा करून देते. उलट खोटे चित्र ती जागाच बुजवून टाकते, कारण ज्याला आपण आधीच हास्यास्पद ठरवले त्याच्याविषयी कळवळा वाटणे कठीण असते. म्हणून सत्य ही दयेची पहिली पायरी आहे, शेवटची नव्हे.

शब्बाथ शाळेच्या शिक्षकांस आमची एक सूचना आहे. वर्गात कोणाचेही चित्र दाखवाल, मग ते प्राण्याचे असो, परक्या देशातील लोकांचे असो वा जुन्या काळातील माणसांचे असो, तेव्हा मुलांना तीन प्रश्न विचारावेत. हे कोणी काढले? त्याने ते स्वतः पाहिले होते काय? आणि हे चित्र खरे मानले तर कोणाची सोय होते? तिसरा प्रश्न मुलांना अवघड वाटेल, मोठ्यांनाही वाटतो. पण ज्या मुलाला डोडोच्या बाबतीत तो विचारण्याची सवय लागली, ते मूल उद्या गावातल्या एखाद्या बदनाम घराविषयी ऐकतानाही क्षणभर थांबेल.

डोडो परत यायचा नाही. त्याचे आपल्याकडे आता एकच येणे राहिले आहे: त्याच्याविषयी बोलायचे तर खरे बोलावे. मॉरिशसच्या रानात ताठ चालणारा, तीक्ष्ण वासाचा, कबुतरांच्या कुळातला, कोणाची भीती माहीत नसलेला तो पक्षी होता. घेण्यासारखे होते ते सारे आपण त्याच्याकडून घेतले आहे. निदान त्याची ओळख तरी आपण त्याला परत देऊ शकतो.